आधी धडा चोविसावा

आत्याने साठ पुस्तकांना उलटी कव्हरं चढवली तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. ही तक्रार नाही. आत्या गेली एकतीस वर्षं डोळे मिटूनच कव्हरं चढवते. शिवलेला गठ्ठा घ्यायचा, शिलाईची बाजू डाव्या हाताला ठेवायची, खळ फासायची, नावाचा पुठ्ठा वर बसवायचा आणि शिकंज्यात घालून दाबायचं. शाळेची पुस्तकं, दवाखान्याची रजिस्टरं, एकदा तर एका गृहस्थाच्या प्रेमपत्रांचे दोन खंड (दुसरा खंड उत्तरांचा, तो कोराच होता), सगळं याच पद्धतीने. "डोळे उघडले की हात विचार करायला लागतात," असं तिचं म्हणणं. आमचं बाइंडिंगचं दुकान विचार न करणाऱ्या हातांवर चालतं. त्यातले दोन हात माझे आहेत. खळ ढवळतो म्हणून मला घरीदारी डिंक्या म्हणतात.

पण ही साठ पुस्तकं अरबीची होती. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे त्या पुस्तकाची शिलाई उजव्या हाताला येते आणि आपल्याला जो शेवट वाटतो तिथून ते सुरू होतं. छापखान्याने गठ्ठे बरोबर शिवून पाठवले होते. आत्याने सवयीने ते फिरवले, शिलाई डावीकडे घेतली आणि 'अरबी : पुस्तक पहिले' असं आपल्या भाषेत छापलेला, खात्याचा शिक्का असलेला पुठ्ठा थेट शेवटच्या धड्यावर चिकटवला. पहिल्या धड्याच्या डोक्यावर कोरा पुठ्ठा गेला. खळ वाळली. आमची खळ एकदा वाळली की पुठ्ठ्याबरोबर आतलं पानही सोलून येतं. त्याचा आम्हाला अभिमान होता.

पुस्तकं न्यायला ताई आली. तिने एक उघडलं, मिटलं, फिरवलं, पुन्हा उघडलं.

"आत्या, हे उलटं झालंय."

"उलटं कसं? नाव वर आहे."

"नाव शेवटावर आहे."

आत्याने डोळे उघडले. कामाच्या वेळेत मी ते प्रथमच पाहिले. "मग त्यांनी शेवट पुढे का ठेवला?" ती म्हणाली.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, आणि हा वर्ग तिचा होता. आमच्या भागातल्या सरकारी शाळेत त्या वर्षी पहिल्यांदाच अरबी आली. सक्ती नव्हती, ज्याला हवी त्याने घ्यायची. तीन महिने वर्ग चालवून बघायचा आणि मग शाळा, दिवे, नळ, गटारं या सगळ्यांचा कारभार पाहणारी प्रभाग समिती ठरवणार, ठेवायचा की बंद करायचा. पुस्तकं साठ छापली होती, मुलं अठरा आली होती. वर्ग राहिला तर ताई बाई होणार. बंद झाला तर ताई परत आमच्या दुकानात, माझ्या शेजारच्या स्टुलावर. त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे. मी तो मुद्दाम दुरुस्त केला नव्हता, तिला परत यावंसं वाटू नये म्हणून.

ताई अरबी का शिकली, याचं कारण आमच्या पुढच्या खोलीत घड्याळाच्या वर टांगलेलं होतं.

बाबा नऊ वर्षं समुद्रापलीकडे होते, जहाजं बांधतात तिथे क्रेनवर. गुडघा गेला तेव्हा परत आले आणि आत्याच्या दुकानात कटिंग मशीनवर बसले. येताना त्यांनी दोन ब्लँकेटं, एक न चालणारा रेडिओ आणि एक कागद आणला होता. कागदावर अरबीत सात ओळी, वर गोल शिक्का, खाली सही. ते बाबांचं प्रशस्तिपत्र. काचेची फ्रेम करून त्यांनी ते भिंतीवर लावलं. पाहुणा आला की बाबा काच बाहीने पुसत आणि म्हणत, "साहेबाने स्वतःच्या हाताने दिलं." पाहुणा मान हलवायचा. वाचता कोणालाच येत नव्हतं, त्यामुळे मतभेद होत नसत.

ताई लहानपणापासून त्या सात ओळींखाली जेवली. कॉलेजात गेल्यावर तिने एका म्हाताऱ्या खलाशाला गाठलं, मग टपालाने धडे मागवले. सहा वर्षं शिकली. चौथ्या वर्षी एका दुपारी पुठ्ठे कापताना ती मला म्हणाली, "डिंक्या, मला बाबांचा कागद वाचता आला."

"काय लिहिलंय?"

"स्वयंपाकघरात बूट घालून येऊ नये."

मी खळ ढवळत राहिलो. "पुढे?"

"तवा ज्याने वापरला त्याने घासून ठेवावा."

"बाबांचं नाव?"

"नाही."

"कौतुक?"

"तव्याचंसुद्धा नाही."

कामगारांच्या वसतिगृहातली सूचना होती ती. त्या दिवसापासून पाहुणे आले की मी पाणी आणायला आत जाई आणि पाणी फार सावकाश आणी. ताईने बाबांना सांगितलं नाही. तिने शिकवायचं ठरवलं. तिचं म्हणणं एवढंच होतं, की या भागातल्या निम्म्या घरांतून कोणी ना कोणी तिकडे कामाला जातं आणि न वाचता सह्या करून येतं, ते पुरे झालं आता.

उलट्या कव्हरांचं प्रकरण घेऊन ताई, आत्या आणि मी समितीच्या अध्यक्षांकडे गेलो. त्यांचं नळ-फिटिंगचं दुकान होतं आणि समितीची नियमावली गल्ल्यावरच ठेवलेली असे. प्रत्येक वाक्यात ते एक कलम सांगत, म्हणून सगळे त्यांना कलमकाका म्हणत. अरबीच्या वर्गाला त्यांचा पहिल्यापासून विरोध होता.

"काका, साधी गोष्ट आहे," ताई म्हणाली. "मी मुलांना सांगते, पुस्तक दुसऱ्या बाजूने उघडा."

कलमकाकांनी पुस्तक हातात घेतलं, शिक्क्यावर बोट ठेवलं आणि फार दिवसांनी कोणी भेटवस्तू दिल्यासारखे हसले. "कलम अकरा. पाठ्यपुस्तक मुखपृष्ठापासून, धड्यांचा क्रम न सोडता शिकवावे. शिक्का आहे ते मुखपृष्ठ."

हे कलम इतिहासाच्या एका मास्तरांमुळे आलं होतं. त्यांनी वर्षभर एकच राजा शिकवला होता, कारण पुढचे त्यांना आवडत नसत.

"पण तिकडून शेवटचा धडा आहे."

"ते पुस्तकाने बघावं."

"मग नवे पुठ्ठे बसवून देतो," मी म्हणालो.

"कलम बारा. एका पुस्तकाला एकदाच बाइंडिंग."

आत्याने गल्ल्यावरची नियमावली उचलून तिची शिलाई ताणून पाहिली. "याचं बाइंडिंग कोणाचं?"

"तुमचंच."

"तरीच एक कलम गळत नाही."

कलमकाका ताईकडे वळले आणि आवाज मऊ केला. "पोरी, तुझ्यावर राग नाही माझा. पण मला सांग, ही भाषा आपली आहे का? आज शाळेत घेतली, उद्या घरात येईल. माझी हरकत मी लेखी दाखल केली आहे. तीन महिन्यांची मुदत संपली की अर्ज नामंजूर."

"हरकत," ताई म्हणाली. "दाखल. मुदत. अर्ज. मंजूर. तुमचं ते कलमसुद्धा. सगळे अरबीतून आलेत, काका. घरात येऊन शेकडो वर्षं झाली. तुमच्या गल्ल्यावर बसलेत."

"ते आता आपले झाले."

"मग त्यांचे नातेवाईक आले तर दार का लावता?"

कलमकाकांनी नियमावली चाळली. नातेवाइकांवर कलम नव्हतं. "मुखपृष्ठापासून," ते म्हणाले. "एक धडा जरी पुढेमागे झाला तर वर्ग अनियमित. त्याच दिवशी कुलूप."

ताईने पुस्तकं उचलली. दारात थांबून ती म्हणाली, "ठीक आहे. चोविसाव्यापासून सुरू करते."

"अक्षरं न शिकवता?"

"अक्षरं पहिल्या धड्यात आहेत. तो तुमच्या कृपेने शेवटी येईल."

वर्गाला मिळालेली खोली मोडक्या बाकांची होती. न मोडलेले बाक तिथे ठेवायची पद्धत नव्हती. पहिल्या दिवशी मी खळ घेऊन बाक चिकटवायला गेलो होतो, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. अठरा मुलांनी 'अरबी : पुस्तक पहिले' उघडलं आणि त्यांच्यासमोर धडा चोविसावा आला : तक्रार अर्ज.

त्यांना पहिलं अक्षर अलिफ माहीत नव्हतं, दुसरं बा माहीत नव्हतं. त्यांना थेट 'महोदय' शिकवला गेला. ताईने फळ्यावर नमुना लिहिला आणि मुलांनी नकाशा उतरवावा तसा उतरवून घेतला. एका मुलाने 'महोदय'मधल्या एका अक्षराला पाय काढले. अर्जाचा मजकूर असा होता : महोदय, आमच्या गल्लीतला दिवा बंद आहे, तो लवकर सुरू करावा ही विनंती.

पहिल्या बाकावर दहा वर्षांची एक मुलगी बसायची. तिचा समोरचा एक दात पडलेला होता आणि हजेरीच्या वेळी ती 'हजर' म्हणायच्या आधी 'कशावरून विचारता?' म्हणायची. तिला सगळे वकील म्हणत.

"बाई, माझ्या गल्लीतला दिवा खरंच बंद आहे," वकील म्हणाली. "मग हा गृहपाठ आहे का तक्रार?"

"दोन्ही," ताई म्हणाली.

"मग वहीत ठेवून काय करू?"

शाळेच्या फाटकाला समितीची तक्रारपेटी होती. ही पेटी म्हणजे कलमकाकांचं लाडकं अपत्य. तिच्यावर त्यांनी स्वतः रंगवून घेतलं होतं : प्रत्येक तक्रारीला पंधरा दिवसांत, तक्रार ज्या भाषेत असेल त्या भाषेत, लेखी उत्तर. कलम एकतीस. आपल्या भाषेत आलेल्या तक्रारींना 'चौकशी चालू आहे' असं छापील उत्तर तयार होतं, त्यामुळे पेटी बिनबोभाट चालत होती. वकिलाने गृहपाठ पेटीत टाकला. ते पाहून उरलेल्या सतराजणांनी टाकला.

समितीपुढे अठरा तक्रारी आल्या, सगळ्यांचं अक्षर एकसारखं, एकीला पाय. अरबीत छापील उत्तर नव्हतं. ताईकडून वाचून घेणं कलमकाकांना मान्य नव्हतं, कारण तिचा हितसंबंध होता, कलम सहा. त्यांनी दूरच्या शहरातला दुभाषा शोधला. टपाल गेलं, टपाल आलं. चौदाव्या दिवशी कळलं की दिवा बंद आहे. कोणत्या गल्लीतला ते लिहिलेलं नव्हतं, कारण नमुन्यातच नव्हतं. उत्तर द्यायला एक दिवस उरला होता. समितीचा वायरमन सायकलवर अठरा मुलांच्या अठरा गल्ल्या फिरला. अकरा दिवे बंद निघाले. संध्याकाळपर्यंत त्याने अकरा दिवे लावले आणि झोपला तो दोन दिवस उठला नाही.

पुढे जे झालं ते कोणी ठरवून केलेलं नाही. आमच्या भागात बातमी पसरली की अरबीत लिहिलं की काम होतं. शनिवारी वर्गाबाहेर सात माणसं उभी होती. एक शिंपी म्हणाला, "गटाराचं आपल्या भाषेत तीनदा लिहिलं. एकदा यांच्याकडून लिहून घेतो." मुलं तोवर तेविसाव्या धड्यावर, म्हणजे आभाराच्या पत्रावर आली होती, त्यामुळे शिंप्याला एकाच फेरीत गटाराची तक्रार आणि ते साफ केल्याबद्दल आगाऊ आभार मिळाले. गटार साफ झालं. समितीला आभार स्वीकारल्यावर पर्याय नव्हता.

मग बाविसावा धडा आला : सार्वजनिक ठिकाणच्या सूचना. धूम्रपान करू नये, दार ढकलावे, थुंकू नये, बूट बाहेर काढावेत. आणि इथे मला सांगायलाच हवं, की मुलं आता चित्रं काढत नव्हती. तक्रारींतून तीच तीच अक्षरं पन्नासदा हाताखालून गेल्यावर ती ओळखीची झाली होती. वकील तर फळ्यावरचं वाक्य ताई पुसायच्या आत वाचून त्यावर हरकत घ्यायची.

मुदत संपायला आठवडा असताना कलमकाका वर्गात आले. त्यांचे डोळे सुजले होते. दुभाष्याच्या पत्रांना उत्तरं लिहून हात दुखत असावा.

"हे सगळं पाठांतर आहे," ते म्हणाले. "पुस्तकातलं घोकतात आणि पेटीत टाकतात. सोमवारी समितीपुढे परीक्षा. पुस्तकाबाहेरचं एक अरबी पान यांच्यातल्या एकाने वाचून त्याचा अर्थ सांगायचा. नाही जमलं तर वर्ग बंद. जमलं तर कायम. कलम चाळीस."

"पान कुठलं?" ताईने विचारलं.

"मी ठरवणार."

"मान्य," ताई म्हणाली. मुलांनी बाक वाजवले. मी चिकटवलेले तीन निघाले.

आता पुस्तकाबाहेरचं अरबी पान आमच्या भागात आणायचं कुठून? कलमकाकांनी दोन दिवस शोधलं. तिसऱ्या दिवशी ते समितीची रजिस्टरं न्यायला आमच्या दुकानात आले आणि सहज म्हणाले, "कोणाकडे अरबी कागद असेल तर बघा हो, छापील."

कटिंग मशीन थांबलं. "छापील कशाला?" बाबा म्हणाले. "सहीशिक्क्याचा आहे माझ्याकडे."

संध्याकाळी ताई घरी आली तेव्हा घड्याळाच्या वर एक फिकट चौकोन आणि एक खिळा होता. बाबांनी फ्रेम स्वतः उतरवून, काच पुसून, पिशवीत घालून कलमकाकांना दिली होती. ते आनंदात होते. "तुझी पोरं माझं प्रशस्तिपत्र वाचणार. सगळ्या समितीपुढे. बारा वर्षं मी वाट बघतोय कोणीतरी मोठ्याने वाचायची."

ताई मला जिन्यात घेऊन गेली.

"वकिलाला सांग, येत नाही म्हण," मी म्हणालो.

"मग वर्ग बंद."

"मग येतं म्हणू दे."

"मग बाबा बंद."

"तू बाबांना आधीच सांग."

ती आत गेली. बाबा सोमवारसाठी शर्टाला इस्त्री करत होते. तिकडच्या शेवटच्या दिवशी घातला होता तोच शर्ट.

"बाबा, तो कागद तुम्हाला दिला कसा?"

"मी मागितला. म्हटलं, साहेब, नऊ वर्षं झाली, काहीतरी लिहून द्या. साहेब वसतिगृहाच्या ऑफिसात फोनवर होता. फोन न ठेवताच उठला, भिंतीवरून कागद काढला आणि दिला. तयारच ठेवला होता बघ."

"भिंतीवरून."

"हो. मी दोन्ही हातांनी घेतला."

ताईने त्यांच्या हातातून इस्त्री घेतली आणि कॉलर स्वतः केली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "सांगितलंस?"

"नाही. मी वर्गात पोरांना सांगते, जे लिहिलंय तेच वाचायचं. आणि घरी येऊन काच पुसते." ती पायरीवर बसली. "सोमवारी जे लिहिलंय तेच वाचलं जाईल."

सोमवारी शाळेच्या मोठ्या खोलीत समितीची सात माणसं बसली. मुख्याध्यापिका बाई मधोमध, दोन्ही बाजूंना सारखं अंतर ठेवून. मागे पालक, शिंपी, वायरमन (उठला होता), आत्या, आई, मी. बाबा पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. टेबलावर फ्रेम.

"हे एका सन्माननीय कामगाराचं प्रशस्तिपत्र," कलमकाका म्हणाले. "बोलवा कोणाला बोलवायचं ते."

वकील पुढे आली. तिने फ्रेम उचलली. ओठ हलवत सगळं एकदा मनात वाचलं. मग तिने बाबांकडे पाहिलं, मग ताईकडे. त्या मुलीला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"बाई, मोठ्याने वाचू?"

ताई बाबांकडे बघत होती. "वाच," ती म्हणाली. "सगळं."

वकिलाने एक ओळ अरबीत वाचली आणि मग आपल्या भाषेत सांगितली. "स्वयंपाकघरात बूट घालून येऊ नये."

कोणीतरी खोकलं.

"तवा ज्याने वापरला त्याने घासून ठेवावा."

कलमकाकांनी टेबलावर हात ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा थकवा उतरला. "थांब. प्रशस्तिपत्रात तवा कुठून आला? पुस्तकातल्या सूचना पाठ आहेत, त्याच म्हणून दाखवतेय. हिला वाचता येत नाही. लिहून घ्या बाई, परीक्षा नापास, वर्ग बंद."

"पुस्तकात तवा नाही," वकील म्हणाली. "कोणत्या पानावर आहे दाखवा."

"तुझ्या बाईंना विचारू?"

"माझा हितसंबंध आहे," ताई म्हणाली. "कलम सहा."

खोलीत आता एकच माणूस असा होता ज्याचं म्हणणं चाललं असतं, आणि तो पहिल्या रांगेत शर्टाच्या बाहीचं बटण लावत होता. लावलेलंच होतं. त्याने ते काढून पुन्हा लावलं. मी पाणी आणायला जावं असं मला फार वाटलं, पण दार लांब होतं.

बाबा उभे राहिले. गुडघ्यामुळे त्यांना वेळ लागतो.

"पोरी," ते वकिलाला म्हणाले, "त्यात कुठे डब्याचं काही आहे का?"

वकिलाने बोट फिरवलं. "पाचवी ओळ. नाव न लिहिलेला डबा फ्रीजमध्ये ठेवल्यास फेकून देण्यात येईल."

बाबांनी मान हलवली. बराच वेळ हलवली.

"माझा डबा दोनदा फेकला होता," ते म्हणाले. "मला वाटलं, कोणाचा तरी माझ्यावर राग आहे. मी त्या माणसाशी चार वर्षं बोललो नाही." मग ते कलमकाकांकडे वळले. "मुलगी बरोबर वाचतेय. त्या स्वयंपाकघरात तवे होते. फ्रीज होता. दारात बूट काढायला फळी होती. हा कागद तिथल्या भिंतीसाठीचाच असणार."

"अहो, पण तुम्ही तर बारा वर्षं..."

"बारा वर्षं काच पुसली. माहीत आहे मला. मी नऊ वर्षं क्रेन चालवली, एक खिळा खाली पाडला नाही. मी कागद मागितला आणि साहेबाने मला तव्याचा कागद दिला. मी दोन्ही हातांनी घेतला, वाकून." बाबांचा आवाज चढला नव्हता, कटिंग मशीनच्या आवाजात बोलतात तेवढाच होता. "या पोरीएवढं मला वाचता आलं असतं तर मी तिथल्या तिथे परत केला असता. म्हटलं असतं, हा नको, माझा द्या. आणि तुम्ही म्हणता ही भाषा आपल्याला कशाला. मला हवी होती. तुम्ही वर्ग बंद करा, मी पोरांना दुकानात बसवतो. दुकान बंद करा, फुटपाथवर बसवतो. तुमच्या पेटीत रोज अठरा कागद येतील."

"एकोणीस," आत्या मागून म्हणाली. तिचे डोळे उघडे होते.

कलमकाका नियमावली चाळत राहिले. समितीतले बाकीचे सहाजण त्यांच्याकडे पाहत होते. मग ते थांबले, कारण माणूस कसाही असला तरी स्वतःच्या कलमाशी खोटं बोलणारा नव्हता.

"कलम चाळीस," ते म्हणाले. "वाचलं आणि अर्थ सांगितला. वर्ग कायम." त्यांनी सहीसाठी पेन काढलं.

"वाचून करा," बाबा म्हणाले.

कलमकाकांनी ठराव पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि मग सही केली.

घरी आल्यावर बाबांनी फ्रेम ओट्याच्या वर लावली. आता आमच्या स्वयंपाकघरात चपला घालून कोणी येत नाही आणि तवा ज्याने वापरला तो घासतो. हे आईला बारा वर्षांत जमलं नव्हतं, ती म्हणते शिक्क्याचा परिणाम. पुढच्या खोलीतला घड्याळावरचा खिळा रिकामा आहे. त्यावर कॅलेंडर लावायला मी गेलो तर बाबांनी हात धरला.

त्याच आठवड्यात ते ताईच्या वर्गात जाऊन 'अरबी : पुस्तक पहिले' घेऊन आले. शिक्क्याच्या बाजूने उघडलं. धडा चोविसावा. वकील समोर बसून सांगत होती आणि बाबा नकाशा उतरवावा तसं उतरवत होते. महोदय, बारा वर्षांपूर्वी आपण मला चुकीचा कागद दिला. बरोबर कागद पाठवावा. त्यांनी विनंती हा शब्द ठेवला नाही. वकिलाने हरकत घेतली की नमुन्यात आहे. "नमुन्यात असू दे," बाबा म्हणाले.

साहेबाच्या पत्त्यावर टपालाने पाठवून पंधरा दिवस झाले. उत्तर आलं नाही. काल बाबांनी दुसरी प्रत काढली आहे, आणि या खेपेला एकाही अक्षराला पाय नाहीत.